सहासष्ट घोडे

सोलमधल्या या दहा मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये
उकडलेल्या मटणाचा आणि ओल्या लोकरी कोटांचा वास
हिवाळाभर मुक्कामाला असतो.
तिसऱ्या मजल्यावर माझं काउंटर. तिकिटं विकते मी.
सामान पाठवायचं तर शेजारी मुन्खबात,
दात दुखत असेल तर पाचवा मजला.

काल गोन्चिगदोर्ज आजोबा आले.
नातू झाला म्हणून लेकीकडे आले होते,
आता राहवत नाही म्हणाले, घोड्या विणायला आल्यात.
"पोरी, किती लांब गं आपलं गाव इथून?"

उलानबातर? दोन हजार किलोमीटर.

"ते मला कळत नाही. ओर्तो किती, ते सांग."

ओर्तो. एक घोडा दमेपर्यंतचं अंतर.
तीस किलोमीटर धरतात,
चढ असला तर घोडा धरेल ते.
मी कॅल्क्युलेटर ओढला, भागाकार केला.
सहासष्ट घोडे, आजोबा,
सदुसष्टाव्याला जरा आधीच सोडून द्यायचं.

त्यांनी मान डोलावली,
जणू त्यातला एकेक घोडा त्यांच्या ओळखीचा.

मग वेळेचं निघालं.
तिकडून येताना तीन तास.
जाताना साडेतीन, कधी पावणेचार.
"वाट तीच ना?"
तीच.
"मग?"
वारा, आजोबा. वर तो पश्चिमेकडून वाहतो.
येताना पाठीशी, जाताना तोंडावर.

त्यांनी काउंटरच्या काचेवरचा एक डाग
बोटानं बराच वेळ पुसला. डाग आतून होता.
"बाहेर निघालेल्याला ढकलतो
आणि घरी परतणाऱ्यावर भुंकतो.
असला कुत्रा आम्ही दारात ठेवत नाही."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
विमान सरळ जातच नाही.
मध्ये एक देश आहे,
त्याच्या डोक्यावरून जायची सोय नाही,
म्हणून आधी समुद्राकडे वळायचं,
मग चीनवरून लांबचा फेरा.
दोन-चार घोडे जास्तीचे धरायला हवे होते.

तेमूलेनला मी तीन वर्षांचा ठेवून आले.
आता तो नऊचा. फोनवर विचारतो, किती तास?
साडेतीन.
"म्हणजे माझ्या शाळेपेक्षा कमी."
कमी.
"मग मी शाळेत गेल्यावर निघ,
सुटायच्या आत पोचशील."
गणित बरोबर आहे त्याचं. बाई शाबासकी देतील.

माझ्या पासपोर्टातला शिक्का चार वर्षांपूर्वी संपला.
जायला कुणी अडवणार नाही,
उलट दारापर्यंत सोडायला येतील.
पण परतीचे ते तीन तास,
पाठीशी वारा असलेले,
माझ्या नावानं पडद्यावर उमटत नाहीत.
त्याची फी आणि आईची औषधं इथूनच जातात.
त्यांना विमान लागत नाही.

छापलेलं तिकीट आजोबांनी चार घड्या घालून
बुटात सरकवलं, पोटरीशी.
"सामान किती नेता येतं?"
तेवीस किलो.
"माझं सतरा भरतं. लेकीनं वजन केलंय.
सहा किलो मोकळे आहेत. घाल तुझं काहीतरी.
कुणाचं, कुठे, ते कागदावर लिही, मी शोधेन."
मी काही बोललेच नव्हते त्यांना.
बहुतेक या काउंटरमागे बसलेलं माणूस
तसंच दिसत असावं.

संध्याकाळी शटर ओढून बाजारात गेले.
हिवाळी बूट, आतून लोकर लावलेले, निळे.
दुकानातल्या बाईंनी विचारलं, नंबर?

किलोमीटर पाठ आहेत मला, तास पाठ आहेत,
कुठल्या महिन्यात वारा किती मिनिटं खातो तेही.
मी दोन्ही तळहात समोर धरले.
एवढं पाऊल.
मग हात जरा लांब केले.
बाई थांबून राहिल्या.
मग अजून जरा.